फुकटचा गेम, विकतचे हिरे : मुलं गेममध्ये पैसे का घालतात?



पालकसभेत हल्ली अभ्यासाच्या आधी मोबाईलचा विषय निघतो. आमच्या पोंभुर्णा तालुक्यात तर एक प्रश्न हमखास येतो : "सर, गेम त फुकटचा आहे म्हनते पोट्टा, मंग त्याले पैसे कायले लागते जी?" प्रश्न साधा वाटतो, पण आपल्यापैकी बऱ्याच शिक्षकांनाही त्याचं नीट उत्तर देता येत नाही. आपण "मोबाईल देऊच नका" एवढं सांगून मोकळे होतो. पालक मान हलवतात, घरी जातात आणि संध्याकाळी मोबाईल पुन्हा मुलाच्या हातात असतो, कारण वीजबिल भरायला, गॅस बुक करायला आणि बँकेचा मेसेज वाचायला घरात तोच एक जण असतो.

म्हणून आजच्या लेखात हा विषय जरा नीट समजून घेऊया. मुलं गेममध्ये पैसे घालतात ते कशासाठी, त्यांना स्वतःला त्यात काय बरोबर आणि काय चूक वाटतं, आणि आपण वर्गात आणि घरी काय करू शकतो.

पैसे नेमके कुठं लागतात?

फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआयसारखा गेम उतरवून घ्यायला आणि खेळायला पैसे लागत नाहीत, हे मुलांचं म्हणणं खरं आहे. दुकान गेमच्या आत असतं. तिथं कपडे, बंदुकीवरचं रंगकाम, नाचाच्या हालचाली, नवीन पात्रं, महिन्याचा पास असं बरंच काही विकायला ठेवलेलं असतं. रक्कम लहान-लहान, म्हणून इंग्रजीत याला मायक्रोट्रान्झॅक्शन म्हणतात. आपण 'गेममधली चिल्लर खरेदी' म्हणू. मुलांचा शब्द एकच आहे, टॉप-अप.

कंपनीचं गणित असं. खेळणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधीच पैसे देत नाहीत. थोडे जण थोडे देतात, आणि अगदी मोजके खूप देतात. कमाईचा मोठा भाग या मोजक्यांकडून येतो. मग फुकट खेळणाऱ्यांना का ठेवायचं? कारण महागाचा ड्रेस घातलेल्याला बघायला कुणीतरी लागतं. रिकाम्या मैदानात नवा शर्ट घालून कोण फिरणार? म्हणजे पैसे न देणारं मूलही त्या धंद्याच्या कामी येतं, गर्दी म्हणून.

साज, ताकद आणि नशीब

मी आठवी-नववीच्या मुलांशी यावर बोलत आलो आहे. रागावून विचारलं तर उत्तर मिळत नाही, पण "मला समजावून सांगा" म्हटलं की वर्ग एकदम गुरुजी होतो. माझ्या लक्षात आलं ते हे की, गेममध्ये पैसे घालणं ही मुलांच्या लेखी एकच गोष्ट नाही. त्यांनी त्याच्या जाती पाडलेल्या आहेत आणि प्रत्येकीबद्दल त्यांचं मत वेगळं आहे.

पहिली जात साजाची. नुसता ड्रेस, टोपी, नाच. त्यानं खेळात काही फरक पडत नाही. याबद्दल मुलांची तक्रार नसते. आपल्याकडचं उदाहरण घ्या. तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी सजवतात. कुणाच्या नंदीला घुंगरं, कुणाच्या नंदीला रंगीत झूल, कुणी नुसताच तेल लावून आणतो. सजवलेला नंदी जास्त चालतो असं कुणी म्हणत नाही, पण बघणाऱ्यांची नजर तिकडं जाते आणि कौतुकही तिकडंच. मुलांना ड्रेस हवा असतो तो असा. दुसरं उदाहरण झाडीपट्टीच्या नाटकाचं. खुर्चीचं तिकीट वेगळं, खाली बसायचं वेगळं, पण नाटक दोघांना एकच दिसतं. खुर्चीवाल्यानं जास्त पैसे दिले म्हणून खाली बसलेला चिडत नाही.

दुसरी जात ताकदीची. इथं मात्र मुलं चिडतात. फ्री फायरमध्ये बंदुकीच्या काही स्किनमुळे बंदुकीचा मारा किंवा वेग थोडा वाढतो आणि पात्रांनाही वेगवेगळे गुण असतात. आलोक नावाचं एक पात्र, ब्राझीलच्या एका डीजेवर बेतलेलं, एकेकाळी 599 हिऱ्यांना मिळायचं आणि ते आसपासच्या साथीदारांचं आरोग्य वाढवायचं. ते नाही म्हणून आपण हरतो, असं कितीतरी मुलांना वाटायचं. नववीतला एक जण मला म्हणाला, "सर, ड्रेस घेतला त काही होत नाही. पन गनची स्किन घेतली त समोरचा लवकर मरते. हे बेइमानी आहे." त्याच वर्गातला दुसरा लगेच म्हणाला, "बेइमानी कायची? पैसे देल्ले ना त्यानं." पंधरा मिनिटं वर्गात जो वाद झाला तो नागरिकशास्त्राच्या धड्यातल्या समतेच्या प्रश्नांपेक्षा जास्त जिवंत होता. पैशानं जिंकणं याला जगभरचे खेळाडू 'पे टू विन' म्हणतात आणि आमची मुलंही तोच शब्द वापरतात. मुलांच्या मनात न्याय-अन्यायाची रेघ पक्की आहे, ती आपण ओळखायला हवी. माझ्या मते हा वाद वर्गात मुद्दाम घडवून आणावा.

तिसरी जात नशिबाची. पैसे देऊन वस्तू मिळत नाही, चाक फिरवायला मिळतं किंवा बंद पेटी उघडायला मिळते. आत काय निघेल सांगता येत नाही. याबद्दल मुलांचं मन दुटप्पी आहे. "लुटते सर" असंही म्हणतात, आणि एखाद्याला पहिल्याच फिरकीत मोठा ड्रेस निघाला तर त्याची गोष्ट महिनाभर सांगतात. न निघालेल्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. याच जातीवर मी पुढं थोडा जास्त वेळ घेणार आहे.

चौथी म्हणाल तर महिन्याचा पास. पैसे आधी द्यायचे आणि मग रोज खेळून त्याची बक्षिसं उघडत जायची. यात पैशापेक्षा वेळ जास्त जातो. "पास घेतला आहे, वसूल करावं लागते" हे वाक्य मी मुलांच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला मेसचं कूपन संपवण्यासाठी दोन वेळा जेवणारे आमचे डी.एड.चे मित्र आठवले.

'बॉट' म्हणून घ्यायचं नाही

ड्रेस फक्त दिसण्यापुरता असेल तर त्याचा एवढा हट्ट का? मोठ्यांना हे कळत नाही. नवीन खेळाडूला गेम जे फुकटचे साधे कपडे देतो, त्यात खेळणाऱ्याला इतर मुलं 'नूब' म्हणतात, 'बॉट' म्हणतात. बॉट म्हणजे माणूस नसलेला, कॉम्प्युटरनं चालवलेला खेळाडू. शाळेत सगळे गणवेशात सारखे दिसतात, पण संध्याकाळी गेमच्या मैदानात कोण कुठल्या घरचा हे कपड्यांवरून पुन्हा दिसायला लागतं. काही मुलं गटात घेतच नाहीत. सातवीतल्या एका मुलीनं सांगितलं की तिच्या भावाला मैत्रिणींसमोर तिच्याच आयडीची लाज वाटते.

उलट बाजूही आहे. वर्गात अशी मुलं असतात जी अभिमानानं सांगतात, "आपन एक रुपया नाही टाकला आजपर्यंत, तरी वरच्या रँकवर आहो." फुकट खेळून पैसेवाल्याला हरवणं हा त्यांचा मोठा आनंद. मला या मुलांचं कौतुक वाटतं आणि मी वर्गात ते बोलूनही दाखवतो. आणि तिसरे, थोडे मोठे, अकरावी-बारावीचे किंवा चंद्रपूरला आयटीआय करणारे. त्यांचं म्हणणं असं की दोन वर्षं फुकट खेळलो, शंभर रुपये दिले तर काय बिघडलं, बनवणाऱ्यालाही पोट आहे. हेही म्हणणं चूक नाही. करमणुकीला पैसे देणं हे पाप असतं तर झाडीपट्टीची नाटकं कधीच बंद पडली असती.

जगभर हीच तक्रार

आपल्या मुलांच्या मनात जे चाललंय ते जगभरच्या खेळाडूंमध्ये वीस वर्षं चाललेलं आहे. 2006 मध्ये बेथेस्डा कंपनीनं 'ऑब्लिव्हियन' नावाच्या गेममध्ये घोड्याला घालायचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं. गेम विकत घेतलेले लोक भडकले : आम्ही पूर्ण किंमत दिली, आता घोड्याच्या झुलीचे वेगळे? आज ते चिलखत चेष्टेचा विषय आहे, कारण त्यानंतर सगळेच गेम तसे झाले आणि लोकांना सवय झाली.

2017 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2' या गेमवर मोठा भडका उडाला. गेम महागाचा, आणि वर प्रसिद्ध पात्रं मिळवायला एक तर तासन् तास खेळा नाहीतर पैसे देऊन पेट्या उघडा. पेट्यांमधून ताकद मिळायची. कंपनीनं इंटरनेटवर दिलेल्या खुलाशाला सहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती नोंदवली आणि गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी कंपनीला ती खरेदी थांबवावी लागली. लक्षात घ्या, त्याच वर्षी आलेला 'फोर्टनाइट' फुकट होता आणि त्यात फक्त साज विकला जायचा. त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. आमच्या नववीतल्या मुलानं केलेला ड्रेस आणि गनचा भेद हाच होता.

नशिबाच्या पेट्यांबाबत सरकारंही जागी झाली. जपाननं 2012 मध्ये 'पूर्ण संच जमवा' प्रकारच्या सोडती बंद करायला लावल्या. बेल्जियमच्या जुगार आयोगानं 2018 मध्ये पैसे देऊन उघडायच्या पेट्या जुगारच आहेत असं ठरवलं. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये फोर्टनाइटच्या एपिक कंपनीला 52 कोटी डॉलर द्यायचं मान्य करावं लागलं. त्यातले 24.5 कोटी डॉलर हे ग्राहकांना परत देण्यासाठी होते, कारण बटणांची रचना अशी होती की चुकून दाबलं तरी खरेदी व्हायची आणि मुलं आईबापांना न विचारता खरेदी करू शकायची.

मग भारतात? "सरकारनं बंदी आणली ना आता?" असं पालक विचारतात. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला हे खरं, पण त्यातली बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर, म्हणजे रमी, पत्ते, पैज यांवर. आपल्या मुलांच्या टॉप-अपमध्ये पैसे परत जिंकायचे नसतातच, ते फक्त जातात. त्यामुळे या कायद्यानं आपला प्रश्न सुटला असं समजून निवांत बसू नका.

हिऱ्यांचा हिशोब वर्गात

आता कामाचं. मी हा विषय मूल्यशिक्षणाच्या तासाला घेत नाही, गणिताच्या तासाला घेतो. उपदेश म्हटला की मुलं खाली बघतात, गणित म्हटलं की फळ्याकडं बघतात.

गेममध्ये कुठल्याही वस्तूवर रुपयांत किंमत नसते. आधी रुपयांचे हिरे घ्यायचे, मग हिऱ्यांनी वस्तू. असं का, हे मुलांनाच शोधू द्यावं. फळ्यावर लिहा (आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, गेममधले दर बदलत असतात) : 100 हिरे 80 रुपयांना, 300 हिरे 230 रुपयांना, 500 हिरे 370 रुपयांना. ड्रेसची किंमत 420 हिरे. सगळ्यात स्वस्तात ड्रेस कसा घ्याल?

मुलं पटापट मांडतात. 300 अधिक 100 म्हणजे 400, वीस कमी पडले. त्यात अजून 100 घेतले तर 390 रुपये झाले. 500 चा गठ्ठा घेतला तर 370. म्हणजे 370 वालाच स्वस्त. शाबास. मग विचारायचं, उरलेल्या 80 हिऱ्यांचं काय? "राहू द्या सर, पुढं कामी येते." पुढची वस्तू 150 हिऱ्यांची. 80 पुरत नाहीत, परत 80 रुपयांचे 100 हिरे घ्या. आता उरले 30. तिथं कुणीतरी ओरडतोच, "सर, हे त संपतच नाही!" बरोबर. 420 हिरे विकत मिळतच नाहीत, ही त्यातली खरी गंमत. उरलेले 80 हिरे म्हणजे 370 च्या दरानं 59 रुपये 20 पैसे कंपनीकडं बिनव्याजी पडून आहेत, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून आपण आणखी पैसे टाकतो.

दुसरा भाग घरच्या मापाचा. आमच्याकडं उन्हाळ्यात मुलं आईबरोबर पहाटे तेंदूपत्ता तोडायला जातात. साधारण 70 पानांचा एक पुडा, हे त्यांना पाठ्यपुस्तकातल्या कोष्टकापेक्षा पक्कं माहीत असतं. यंदाचा शेकड्याचा दर त्यांनाच विचारावा आणि 370 रुपयांचे पुडे काढायला सांगावे, मग पुड्यांची पानं. धानाच्या पट्ट्यात रोवणीची दिवसाची मजुरी घ्या, कोळशाच्या खाणीच्या बाजूला तिथलं माप घ्या. एक काळजी मात्र घ्यावी. हे गणित कुणा एका मुलाकडं बघून करू नये आणि "बघा, तुमच्या आईच्या घामाचे पैसे" असं वाक्य जोडू नये. आकडा फळ्यावर आला की तो पुरेसा बोलतो. वर्गात ज्यानं टॉप-अप केलेला असतो त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही.

फासा आणि चिंचोके

नशिबाच्या चाकासाठी सातवी-आठवीला चालणारा खेळ सांगतो. खर्च शून्य. प्रत्येक मुलाला सहा चिंचोके द्या. एक चिंचोका दिला की फासा एकदा टाकायचा. सहा पडला तर 'मोठा ड्रेस'. सुरू करण्याआधी विचारा : सहा वेळा टाकायचंय, सहापैकी एक बाजू हवी, तर सगळ्यांना मिळेल ना? निम्मा वर्ग हो म्हणतो.

सहा वेळा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता जवळजवळ एक तृतीयांश असते. तीस मुलांच्या वर्गात साधारण दहा जण रिकाम्या हातानं बसतात. कधी आठ, कधी बारा. त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण तिकडं एकाला पहिल्याच फेकीला सहा पडलेला असतो आणि त्याचं चाललेलं असतं. मग सांगायचं की फाश्यावर सहापैकी एक संधी आहे. गेममध्ये मोठ्या वस्तूची संधी शंभरात एक असली तर? शंभर वेळा चाक फिरवणाऱ्या शंभर जणांपैकी साधारण 37 जणांना काहीच मिळणार नाही. वरच्या वर्गांना हे कॅल्क्युलेटरवर करता येतं, 0.99 चा शंभरावा घात.

काही चाकांना 'इतक्या फिरक्यांनंतर नक्की मिळेल' अशी हमी असते. मुलं ती हमी म्हणजे सूट समजतात. त्यांना सांगा, हमीची फिरकी गुणिले एका फिरकीचा भाव, ही त्या वस्तूची खरी किंमत धरून चाला. त्या आधी मिळाली तर मिळाली. या एका गुणाकारानं बरीच मुलं थांबतात, असा माझा अनुभव.

मार्कंड्याच्या किंवा चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेत रिंग फेकायचा खेळ असतो. साबणावर रिंग पडली तर साबण आपला. तिथंही पैसे जातात. पण साबण समोर दिसतो, मुठीतली नाणी कमी होताना दिसतात, आणि दहा रुपये संपले की मूल आपोआप बाजूला होतं. मोबाईलवर मूठ नाही. चाकाशेजारी उलटं जाणारं घड्याळ मात्र असतं, 'फक्त 3 तास उरले'. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 13 प्रकार दिलेत आणि खोटी घाई करणं हा त्यातला एक आहे. मुलांना तेरा प्रकारांची नावं पाठ करून घेऊ नका, गेममधून एक-एक उदाहरण शोधून आणायला सांगा. ती आपल्याला शिकवतील.

पिन मुलालाच माहीत असतो

आता पालकांसाठी. सगळीकडं सल्ला एकच असतो, "मुलांना पिन सांगू नका." शहरात ठीक आहे. आमच्याकडं यूपीआय सुरू करून देणारा, पिन ठेवून देणारा आणि आजोबांच्या खात्यात पगार-पेन्शन, धानाचा बोनस आला का ते बघणारा सातवीतला नातूच असतो. तो घरातला बँकेचा बाबू आहे. त्याच्यापासून पिन लपवा म्हणणं म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखं आहे.

त्यापेक्षा रचना बदलावी. बोनस, अनुदान, मजुरी ज्या खात्यात येते ते खाते मोबाईलला जोडू नका. दुसरं लहान खातं काढा, त्यात लागतील तेवढेच पाचशे-हजार ठेवा आणि यूपीआय त्याला जोडा. यूपीआय लाइट सुरू असेल तर त्यातली लहान रक्कम पिनशिवाय जाते, हे लक्षात ठेवा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती चालू करा. कार्ड किंवा यूपीआय तिथं साठवलेलं असेल तर काढून टाका. मोबाईलच्या दुकानात खातं उघडताना मुलाचं जन्मवर्ष बहुतेकदा वाढवून टाकलेलं असतं, म्हणजे गेमच्या लेखी तो मोठा माणूस असतो आणि पालकांची परवानगी विचारणारी कुठलीच सोय चालत नाही. ते बघून घ्या. महिन्यातून एकदा पासबुक छापून आणा. इंग्रजी मेसेज वाचता आला नाही तरी पासबुकातली लांबलचक रांग दिसते.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर 2021 मध्ये शिक्षक आणि पालकांसाठी ऑनलाइन गेमबद्दल सूचना काढल्या होत्या. पालकांच्या संमतीशिवाय गेममधली खरेदी नको, कार्डाची नोंद नको, एका व्यवहाराच्या खर्चाला मर्यादा घाला, असं त्यात आहे. आपल्या शाळेच्या फलकावर ते मराठीत लावायला हरकत नाही.

आणि रोख रकमेकडंही बघा. बरीच मुलं यूपीआय वापरतच नाहीत. तान्ह्या पोळ्याचा बोजारा, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे घेऊन दुकानात जातात, रिडीम कोड घेतात किंवा आयडी नंबर सांगून टॉप-अप मारून घेतात. ते त्यांचे पैसे आहेत. माझं मत विचाराल तर बोजाऱ्यातला ठरलेला हिस्सा, समजा वर्षातून एकदा, उघडपणे खर्च करू द्यावा आणि वहीत लिहायला लावावं. काही शिक्षक मित्रांना हे पटणार नाही. पण चोरून केलेला खर्च कुणी वहीत लिहीत नाही.

भीतीनं वाढलेले आकडे

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातली 2021 ची बातमी अनेकांना आठवत असेल. 12 वर्षांच्या मुलानं आईच्या खात्यातून फ्री फायरसाठी तीन लाखांहून जास्त रुपये घातले. आई आपल्याच पेशातली, शिक्षिका. पैसे गेल्याचं कळल्यावर तिला वाटलं ऑनलाइन फसवणूक झाली. चौकशीत निघालं की मार्च ते जूनमध्ये 278 व्यवहार झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या 16 वर्षांच्या मुलानं आईच्या खात्यातून पबजीवर सुमारे 10 लाख घातले. आईबाप रागावल्यावर चिठ्ठी लिहून घर सोडून गेला. पोलिसांनी दुसऱ्या दिवशी अंधेरीत शोधून काढला. त्याच्या आधीच्या महिन्यात मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या 13 वर्षांच्या मुलानं 40 हजार गेल्यावर आईनं रागावलं म्हणून जीव दिला.

ही तीन प्रकरणं वाचताना आकड्यांवर नजर अडकते. मला 278 हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. 278 वेळा त्या मुलाला सांगता आलं असतं. पहिल्या शंभर-दोनशेलाच सांगितलं असतं तर ती बातमी झाली नसती. पहिल्यांदा घरी कळल्यावर काय होईल याची भीती जितकी मोठी, तितका पुढचा आकडा मोठा. म्हणून असं काही कळलं तर त्या दिवशी मोबाईल आपटू नका, चार लोकांसमोर बोलू नका, मुलाला एकटं सोडू नका. आधी पैसे थांबवा : बँकेत सांगून यूपीआय बंद करा, प्ले स्टोअरवरची पैसे द्यायची सोय काढा. खरेदी गूगल प्लेमधून झाली असेल तर 48 तासांच्या आत परताव्याची मागणी करता येते. तेवढा वेळ गेला असेल तर गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहावं लागतं. दुकानातून रोखीनं मारलेला टॉप-अप मात्र परत मिळणं अवघड. 1872 च्या आपल्या करार कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही, हे तक्रारीत जरूर लिहा. पैसे हमखास मिळतील असं नाही, कारण खातं आणि पिन मोठ्यांचा असतो आणि कंपनी त्यावर बोट ठेवते. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. आणि 'फुकट हिरे देतो' म्हणून कुणी ओटीपी काढून घेतला असेल तर ती सरळ फसवणूक, तिथं उशीर न करता 1930 ला फोन करा.

घेतलेलं कुणाचं?

शेवटी वर्गात नेहमी येणारा प्रश्न. "सर, आयडी इकला त पैसे वापस भेटते का?" मुलांच्या गटांमध्ये भारी ड्रेसवाल्या आयडी विकायला असतात. गेमच्या नियमात ते बसत नाही, आणि पैसे घेऊन आयडी न देणारे किंवा आयडी देऊन चार दिवसांत पासवर्ड परत बदलणारे भरपूर आहेत. मुलांना हे समजत नाही की घेतलेला ड्रेस त्यांच्या मालकीचा झालेलाच नाही, वापरायची परवानगी मिळाली आहे. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली, ऑक्टोबरअखेर गेम बंद पडला, आणि बीजीएमआय जुलै 2021 मध्ये येईपर्यंत आठ महिने हजारोंचे ड्रेस घेतलेल्यांना ते बघताही येत नव्हते. फ्री फायर 14 फेब्रुवारी 2022 ला गेलं, मॅक्समध्ये तोच आयडी चालला म्हणून ती मुलं वाचली. बीजीएमआयसुद्धा जुलै 2022 ते मे 2023 दुकानातून गायब होतं.

हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मंग सर, कंपनी बंद झाली त आमचे हिरे कोनाकडं जाईन?" मी फळ्यावर मघाचेच उरलेले 30 हिरे गोल करून दाखवले आणि त्याचे रुपये काढायला सांगितले. वर्ग वह्यांत डोकं घालून बसला, तास संपल्याची घंटा झाली तरी.